अल-हदबा मनोरा, 1:100: बाक अखेर साधला

इराकमधल्या मोसुल शहरातल्या अल-हदबा मनोऱ्याचं 1:100 प्रमाणातलं मॉडेल करतोय. काल रात्री साडेअकराला त्याच्या माथ्यावरून सोडलेला ओळंबा 24 मिमीवर थांबला. हवे होते 25. दोऱ्याला बांधलेला नट हलायचा थांबेपर्यंत मी श्वास धरून बसलो होतो.

मागच्या पोस्टमध्ये फोटो टाकला होता, त्यात मनोरा म्हणून सरळ पीव्हीसी पाइप तिरका लावला होता. बऱ्याच जणांनी तेव्हाच म्हटलं होतं की हे पिसा दिसतंय, मोसुल नाही. खरंच होतं. हदबा म्हणजे पाठीत बाक आलेली. नूरुद्दीन झंगी या राज्यकर्त्याच्या मशिदीचा हा विटांचा मनोरा 1172-73चा, 45 मीटर उंच, तोल साधारण अडीच मीटर ढळलेला. पण तो नुसता कललेला नव्हता, वाकलेला होता. 1:100मध्ये तो अडीच मीटर म्हणजे 25 मिमी, आणि या 25 मिमीने माझे सहा आठवडे खाल्ले.

पाइप गरम करून वाकवला, तर वाकला तिथे चपटा झाला. मग दंडगोलावर नक्षीचे सात पट्टे आहेतच, तर त्यांवरूनच सात कडी कापली, प्रत्येकी 4 सेंमी उंच, 5 सेंमी व्यासाची. प्रत्येक सांध्यात पश्चिमेला पुठ्ठ्याची पाचर, म्हणजे मनोरा पूर्वेला झुकेल. सातही सांध्यांत 1.1 मिमी सारखी विभागली. गणित बरोबर आलं, पण वरचं कडं जवळजवळ 9 अंशांत कललं आणि सगळा मनोरा आत्ता कोसळेल असा दिसू लागला. शिवाय पांढरा गोंद लावल्यावर पुठ्ठा फुगला, मापं गेली. पुठ्ठ्याला आता फक्त सुपरग्लू.

जुने फोटो पुन्हा काढून बसलो, तेव्हा मला बाक खालच्या भागातच जास्त जाणवला. म्हणून पाचरा फक्त खालच्या तीन सांध्यांत घातल्या, प्रत्येकी 1.7 मिमी, चार थरांच्या. वरची पाच कडी एका रेषेत. माथा 6 अंशांवर आला आणि मला तो मनोरा पहिल्यांदा दिसला, इराकच्या 10,000 दिनारच्या नोटेवरचा.

नक्षीचं थोडक्यात: 0.5 मिमी कार्डवर लेझरने कोरलेल्या पट्ट्या उत्तम आल्या. ऑनलाइन मागवलेली रेझिन विटांची शीट मात्र प्लास्टिकसारखी चकाकते, तिच्यावर पैसे घालू नका. एका पट्टीत नक्षीची 24 घरं बसतात, परीघ 157 मिमी, नक्षी 156. उरलेला मिलिमीटर पश्चिमेच्या सांध्यात लपवला. पुण्याच्या बोहरी आळीतल्या बारीक पॉलिश पेपरला यासाठी अजून तोड नाही.

रंगकामाला बसणार, एवढ्यात वेगळंच सुचलं. 21 जून 2017ला आयसिसने हा मनोरा उडवला, तेव्हा चौथरा आणि दंडगोलाचा खालचा तुकडा उभाच राहिला. ढिगाऱ्यातून सुमारे 45 हजार मूळ विटा निवडल्या गेल्या, आणि युनेस्कोच्या कामात मनोरा पुन्हा उभा राहिला. मग माझा मनोरा एकसंध का चिकटवायचा? खालून पहिल्या आणि दुसऱ्या कड्याचा सांधा आता सुटा ठेवतो, आत दोन चुंबकं. वरचा भाग उचलला की 2017चं खोड उरेल, ठेवला की पूर्ण मनोरा.

याचा एक फायदा लगेच लक्षात आला. आतले दोन जिने मी मागेच सोडून दिले होते. एकातून चढणारा आणि दुसऱ्यातून उतरणारा, वाटेत गाठ नाही, अशी ती रचना. आता तुटलेल्या कडेवरून डोकावलं की दोन्हींच्या पायऱ्या दिसायला हव्यात. 0.5 मिमी कार्डच्या पायऱ्या आज दुपारी कापायला घेतल्या आहेत, पहिल्या बारा तयार आहेत.