मावा, मुंग्या आणि माझा गाढवपणा
मिरचीच्या रोपावर मावा (पानांना चिकटून बसणारे बारीक किडे) दिसला की आधी मुंग्या आहेत का बघा, कारण मावा रस शोषून जो गोड चिकट द्रव सोडतो ना, त्याच्यासाठी मुंग्या त्याला चक्क पाळतात, खायला कोणी आलं तर हाकलतात पण. मी पहिल्या वर्षी पानांवर काळ्या-केशरी, मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या बघून घाबरले आणि सगळ्या वेचून मारल्या... नंतर कळलं ती लेडीबर्डची (ठिपकेवाल्या छोट्या भुंग्याची) पिल्लं होती, मावा खाणारी! अजून वाईट वाटतं. आता आधी पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा. नाहीच गेला तर १ लिटर पाण्यात ५ मिली नीम ऑइल, पण लिक्विड सोपचे थेंब टाकूनच, नाहीतर तेल वरच तरंगत बसतं. आणि फवारायचं संध्याकाळी, उन्हात पानं करपतात.