निवडींची मोजणी आणि संभाव्यता

संभाव्यतेची प्राथमिक उदाहरणे सोडवताना सूत्र आठवत नाही म्हणून फारसे कोणी अडत नाही. अडते ते आपण नेमके काय मोजत आहोत हे न ठरवताच मोजायला बसल्यामुळे. अनुकूल शक्यतांच्या संख्येला एकूण शक्यतांच्या संख्येने भागायचे, एवढीच व्याख्या आहे; परंतु त्या सर्व शक्यता समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच संधी असलेल्या, असल्या पाहिजेत ही तिची अट घाईत निसटते, आणि कॉम्बिनेशनचा, म्हणजे क्रम न पाहता केलेल्या निवडींच्या मोजणीचा, सारा उपयोग या अटीवरच उभा आहे.

एका पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू आहेत आणि त्यांतून न पाहता एकदम ३ चेंडू काढायचे आहेत, असे समजू. त्यांत नेमके २ लाल असण्याची संभाव्यता किती? लाल चेंडू ०, १, २ किंवा ३ निघतील, अशा चारच शक्यता धरल्या तर उत्तर १/४ येते आणि ते चुकीचे असते, कारण या चार शक्यतांना सारखी संधी नाही. म्हणून एकसारख्या दिसणाऱ्या प्रत्येक चेंडूवर मनातल्या मनात वेगळा क्रमांक घालावा. आता ८ पैकी कोणतेही ३ चेंडू निवडण्याचे प्रकार (८ × ७ × ६) ÷ (३ × २ × १), म्हणजे ५६ होतात आणि यांतील प्रत्येक त्रिकूट हाती येण्याची संधी खरोखरच सारखी असते. ५ लालांपैकी २ निवडण्याचे प्रकार १० आणि ३ निळ्यांपैकी १ निवडण्याचे ३, म्हणून अनुकूल त्रिकुटे ३० आणि संभाव्यता ३०/५६, म्हणजेच १५/२८.

चेंडू एकामागून एक काढले आणि क्रमही मोजला, तरी उत्तर बदलत नाही. तेव्हा एकूण प्रकार ८ × ७ × ६ = ३३६ होतात. लाल, लाल, निळा या क्रमाचे प्रकार ५ × ४ × ३ = ६० असतात; पण निळा चेंडू पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी येऊ शकत असल्याने अनुकूल प्रकार १८० होतात आणि १८०/३३६ म्हणजे पुन्हा १५/२८. प्रत्येक त्रिकूट अंशात आणि छेदात सहा-सहा वेळा मोजले गेल्यामुळे ती सहापट आपोआप छेदली जाते. छेदात क्रम धरून अंशात तो सोडला, तर मात्र हिशेब बिघडतो.

याहून फसवा शब्द आहे ‘किमान’. किमान एक चेंडू निळा असण्याची संभाव्यता काढताना, आधी ३ निळ्यांपैकी १ निवडावा आणि मग उरलेल्या ७ पैकी कोणतेही २ घ्यावेत, ही रीत इतकी सरळ वाटते की तिच्याबद्दल शंकाच येत नाही. तिने ३ × २१ = ६३ प्रकार मिळतात, आणि एकूण त्रिकुटे तर ५६ च आहेत! दोन निळे असलेली १५ त्रिकुटे येथे दोनदा आणि तिन्ही निळ्यांचे एकमेव त्रिकूट तीनदा मोजले गेले आहे. एकही निळा नसलेली १० त्रिकुटे ५६ मधून वजा केली की ४६ उरतात आणि उत्तर २३/२८ येते. मला या उदाहरणातील आकडे मुद्दाम लहान ठेवावेसे वाटतात, कारण पिशवीत लाल चेंडू बरेच जास्त असते तर याच चुकीच्या रीतीने १ पेक्षा लहान, दिसायला निर्दोष उत्तर दिले असते.

फासे टाकताना क्रम सोडून देणे चालत नाही. तीन फाशांची बेरीज ९ किंवा १० येण्यासाठी आकड्यांचे सहा-सहाच गट आहेत, तरीही १० अधिक वेळा का पडते, या प्रश्नाचा उलगडा गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात केला. चेंडू एकदा निवडला की पुन्हा येत नाही. फाशांवर तोच आकडा पुन्हा पडू शकतो. त्यामुळे १, २, ६ हा गट सहा प्रकारांनी पडतो, २, २, ५ हा तीन प्रकारांनी, तर ३, ३, ३ हा एकाच प्रकाराने. या हिशेबाने एकूण २१६ प्रकारांपैकी ९ च्या वाट्याला २५ येतात आणि १० च्या वाट्याला २७.