तुम्ही विचारलंत म्हणून: टेनिसमध्ये माझा रँक किती होता?

८६१. जुलै २०१८. त्याच्या वर कधी गेलो नाही.

आकडा आधीच सांगून टाकला, कारण मी टेनिस खेळायचो म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, फेडररशी खेळलायस का? नाही. दुसरा, रँक किती होता? आणि ८६१ ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो क्षणभर हिशेब चालतो, तो मला आता पाठ झालाय. ‘अरे वा’ येतं, पण जरा उशिरा येतं. एका गृहस्थांनी तर खांद्यावर हात ठेवून ‘असू दे’ म्हटलं होतं. असू दे काय, असू दे?

बरीच वर्षं यावर माझं एक तयार भाषण होतं. आयटीएफनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं, २०१३ सालच्या नोंदी तपासल्या तेव्हा व्यावसायिक स्पर्धांत उतरलेले खेळाडू जवळपास चौदा हजार निघाले, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांना वर्षभरात एक डॉलरही मिळाला नव्हता. पुरुषांमध्ये जमाखर्चाची तोंडमिळवणी व्हायची ती साधारण ३३६व्या नंबरला, तीही कोचचा खर्च न धरता. पुढे २०२३ मध्ये आपल्या सुमित नागलनं, या भारतीय टेनिसपटूनं, खात्यात नऊशे युरो उरल्याचं सांगितलं, तेव्हा तो पहिल्या दोनशेत होता. मग ८६१वाल्याचं काय होत असेल, तुम्हीच बघा, असं मी ऐकवायचो. समोरचा गप्प व्हायचा. मला मॅच काढल्यासारखं वाटायचं.

भाषणात खोटं काही नव्हतं. पण पैशाचं कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं रँकचं, आणि रँकबद्दल खरं बोलायचं तर मला एका बॉलबद्दल बोलावं लागतं. ते मी आजवर टाळलं.

२०१६. दहा हजार डॉलरची फ्युचर्स, म्हणजे व्यावसायिक टेनिसमधली सगळ्यात खालची पायरी. दहा हजार म्हणजे सगळ्यांची बक्षिसं मिळून. जिंकणाऱ्याला १,४४०, मेन ड्रॉच्या (मुख्य स्पर्धेच्या) पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १०४, आणि क्वालिफाइंगमध्येच, त्याआधीच्या पात्रता फेऱ्यांतच, हरलात तर काही नाही. मी क्वालिफाइंगमध्ये होतो. चौथं वर्ष, एटीपीचा, म्हणजे पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचा, एकही पॉइंट नाही. पॉइंट नाही म्हणजे रँक नाही. शेवटून पहिला नंबरसुद्धा नाही, यादीत नावच नाही. साइन-इनच्या कागदावर बाकीच्यांच्या नावापुढे आकडे आणि माझ्यापुढे कोरी जागा, हे चार वर्षं बघितलं की माणसाचं काय होतं ते सांगून कळणार नाही. (हे सबब म्हणून सांगतोय का? थोडंसं.)

तिथे लाइन अंपायर नव्हते, खुर्चीत बसलेला अंपायरही नव्हता. आपल्या बाजूच्या लाइनींचे कॉल आपणच द्यायचे. एक रोव्हिंग अंपायर आजूबाजूच्या कोर्टांवर फिरत असते, वाद झाला की येते. नियम सोपा आहे: शंका असेल तर बॉल आत. क्लेवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर, निदान ठसा राहतो. हे हार्ड कोर्ट होतं, निळं.

तिसरा सेट, टायब्रेक (सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम), ५-६. मॅच पॉइंट समोरच्याचा, सर्व्हही त्याचीच. हा पॉइंट गेला की मॅच गेली. माझ्या चांगल्या रॅकेटची गट (तार) तासाभरापूर्वी तुटली होती. दुसऱ्या रॅकेटचं गटिंग ढिलं पडलं होतं, बॉल लांब जात होते, म्हणून मी जपून मधोमध मारत होतो. रिटर्न आखूड पडला. तो पुढे आला आणि त्यानं फोरहँड डाउन द लाइन, बाजूच्या लाइनीला धरून सरळ काढला, माझ्या बॅकहँडला. मी धावतोय. बॉल पडला, रॅकेटच्या हातभर पुढून गेला, मागच्या जाळीवर आदळला. वळून पाहिलं तोवर माझं डावं बोट वर होतं आणि ‘आउट’ असं कुणीतरी ओरडलेलं होतं. ओरडणारा मीच.

मी काय पाहिलं ते नीट सांगतो. पांढरी लाइन, तिच्यापलीकडे पिवळा बॉल, आणि दोघांच्या मध्ये निळं. निळं दिसलं असं मला वाटलं. किती? केसभर. आता धावणाऱ्या माणसाचं डोकं हलत असतं, आणि कोर्टाच्या आतून तिरकं बघताना बॉल असतो त्याहून बाहेर दिसतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. कोर्टावर उतरणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

तो नेटपाशी आला. ‘नक्की?’ एवढंच म्हणाला. मी मान हलवली. त्यानं अंपायरला हाक मारली. ती शेजारच्या कोर्टावरून आली, मला विचारलं, मी तेच सांगितलं. जे तिनं पाहिलं नाही ते ती बदलू शकत नव्हती. तिनं त्याच्याकडे बघून खांदे उडवले. ६-६.

टायब्रेकमध्ये ६-६ ला बाजू बदलतात. म्हणजे मला त्याच्या बाजूला जायचं होतं आणि त्याला माझ्या. आम्ही नेटच्या खांबाजवळून एकमेकांना ओलांडलं, मी बुटाच्या लेसकडे बघत. तो जाऊन त्या लाइनीपाशी उभा राहिला. वाकला. रॅकेटचं टोक एका जागेवरून सावकाश फिरवलं. हार्ड कोर्टवर अशा शंभर पुसट खुणा असतात, त्यातली आपली कुठली हे कुणी सांगू शकत नाही. मग सरळ झाला आणि सर्व्ह करायला गेला.

पुढचे दोन पॉइंट मी जिंकले. पहिला लांबलचक रॅलीनंतर, दुसरा माझ्या सर्व्हवर, थेट टीवर, म्हणजे मधल्या रेषेच्या टोकावर. दोन्ही स्वच्छ होते, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. हात मिळवताना तो काही बोलला नाही.

त्यापुढची मॅच जिंकून मेन ड्रॉमध्ये गेलो. तिथे पहिली जिंकली, दुसरी ६-१, ६-२ अशी हरलो. हातात १७२ डॉलर, तेही कर कापायच्या आधीचे. आणि एक पॉइंट.

फ्युचर्सचे पॉइंट तेव्हा लगेच लागत नसत, मधला एक सोमवार कोरडा जायचा. तो आठवडा मी रोज यादी उघडून बघत होतो. दुसऱ्या सोमवारी दीड हजाराच्या पलीकडे कुठेतरी माझं नाव आलं. आईनं स्क्रीनशॉट काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मीही कुणाला नको म्हटलं नाही.

त्या वेळी मी तुम्हाला सांगितलं असतं, की त्याच मॅचमध्ये दुसऱ्या सेटला त्यानं माझी एक सर्व्ह आउट दिली होती, जी मी आत पडलेली पाहिली. फिटंफाट. शिवाय असे कॉल दर आठवड्याला, दर कोर्टवर होतात. खरंय, होतात. आणि हेही खरंय, की ४-१ नं पुढे असताना मी शंकेचा प्रत्येक बॉल आत दिलाय, वर समोरच्याकडे बघून हसलोय. एकदा हॉटेलच्या खोलीत असताना एक सेट सोडण्यासाठी मेसेज आला, तेव्हा मी लगेच तक्रार केली, आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो. तिथे पैसे देऊ केले होते. पॉइंट कुणी देऊ केला असता तर?

त्यानंतरचं पटकन उरकतो. रँक आल्यावर दारं थोडी उघडली, पुढचे पॉइंट जोडत दोन वर्षांत ८६१ पर्यंत आलो. ते पॉइंट माझेच होते, अंपायर खुर्चीत असताना मिळवलेले. जानेवारी २०१९ मध्ये आयटीएफनं रचना बदलली: सगळ्यात खालच्या, पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धांना एटीपी पॉइंट बंद, क्वालिफाइंगला चोवीसच जण. त्या ऑगस्टमध्ये पॉइंट परत आणले, पण तोवर मी सामान बांधायच्या मनःस्थितीत होतो. मार्च २०२० मध्ये तर सगळा दौराच थांबला. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा मी नव्हतो. आपण अन्यायानं बाहेर पडलो असं मी लोकांना सांगायचो, आणि सांगताना ती निळी केसभर जागा डोळ्यांसमोर यायची.

आता विम्बल्डनमध्येही २०२५ पासून लाइन जज नाहीत, मशीन कॉल देतं. टीव्हीवर बॉलचा ठसा मोठा करून दाखवतात, खेळाडू पाठ फिरवून पुढच्या पॉइंटला लागतात. मी मात्र तो ठसा जरा जास्त वेळ बघतो. माझ्या त्या मॅचचा व्हिडिओ नाही, लाइव्ह स्कोअरही नव्हता. नोंद फक्त निकालाची आहे.

त्याचं नाव मला आठवतं. आयटीएफच्या साइटवर टाकलं तर त्याला कधी पॉइंट मिळाला की नाही हे मिनिटभरात कळेल. पुढच्या वर्षी एका स्पर्धेत आम्ही अर्धा तास एकत्र प्रॅक्टिससुद्धा केली. तिथे तो माझे लाइनीवरचे बॉल न बोलता परत मारत राहिला, पण प्रॅक्टिसमध्ये सगळेच मारतात. त्यातून काय काढायचं? नाव मी अजून टाकलेलं नाही.

बॉल आउट असेलही. आठवड्यातले तीन-चार दिवस मला तो आउटच दिसतो.