हेडरेस्टला स्क्रीन बसवल्या, वायरिंगने घाम काढला (माझा अनुभव)

लांबच्या प्रवासात मागच्या सीटवर दोन पोरं आणि दोघांत एकच टॅब, यातून काय होतं ते ज्यांच्या घरी दोन पोरं आहेत त्यांना सांगायला नको. त्यात तो टॅब उन्हात उभ्या गाडीत राहून राहून फुगला, म्हणजे आतली बॅटरी फुगून मागचं कव्हर अक्षरशः उचकटलं, तेव्हा ठरवलं की आता बिनबॅटरीच्या, थेट गाडीच्या १२ व्होल्टवर चालणाऱ्या दोन स्क्रीन लावायच्या आणि त्या स्वतःच लावायच्या. घरातले पंखे, बटणं, प्लग सगळं मीच करतो, त्यामुळे "दोन वायरी तर जोडायच्यात" हा माज होताच. बायकोला सांगितलं रविवारी दुपारपर्यंत संपेल. तीन रविवार गेले.

स्क्रीनमध्ये दोन प्रकार मिळतात. एकात अख्खं हेडरेस्टच बदलायचं, स्क्रीन त्यातच असते, दिसायला एकदम कंपनी फिटिंग. दुसऱ्यात हेडरेस्ट आपलंच राहतं, त्याच्या दोन दांड्यांवर ब्रॅकेट आवळायचं आणि स्क्रीन त्याला अडकवायची. मी दुसरा घेतला. हेडरेस्ट म्हणजे काही टेकायची उशी नाही, मागून कुणी ठोकलं तर मानेला झटका बसू नये म्हणून ते असतं, आणि काही गाड्यांमध्ये तर धक्का बसला की ते आपोआप पुढे सरकतं, ती यंत्रणा सीटच्या आत असते. तिथे भलतंच हेडरेस्ट खोचायची माझी हिंमत नव्हती. फक्त घेण्याआधी दांडीची जाडी आणि दोन दांड्यांमधलं अंतर दोन्ही नीट मोजा. मी जाडी व्हर्नियरने मोजली आणि अंतर नजरेने, मग काय, पहिलं ब्रॅकेट परत पाठवलं.

ब्रॅकेट लावणं हे दहा मिनिटांचं काम. खरं काम वायर सीटच्या आतून खाली नेण्याचं. बाहेरून लोंबकळती ठेवली तर पोरांचा पाय अडकणारच, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून दोन वायरी मधल्या कन्सोलवरून मागे नेल्या की हँडब्रेक ओढताना प्रत्येक वेळी त्या हातात येतात (पहिला आठवडा मी हेच केलं होतं). मागच्या बाजूने सीटचं कव्हर खालून एका प्लास्टिकच्या पट्टीत अडकवलेलं असतं, ती खाली दाबून सोडवली की कव्हर सुटतं आणि आतला फोम आणि लोखंडी फ्रेम दिसते. वरून दांडीच्या प्लास्टिकच्या खोबणीशेजारून वायर आत सरकवायची, पण ती मऊ असते, फोमला अडकून गोळा होते. अर्धा तास झटापट केली, मग सायकलच्या ब्रेकची जुनी केबल आठवली. ती खालून वर घातली, सरळ वर आली, तिच्या टोकाला वायर टेपने गुंडाळली आणि हळूहळू खाली ओढली. दुसरी सीट पाच मिनिटांत झाली.

आता महत्त्वाचं. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती दरवाज्याच्या बाजूला असते, त्यामुळे वायर सीटच्या आतल्या बाजूनेच न्या, एअरबॅगच्या समोरून अजिबात नको. आणि सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले की हात आवरा, ते एअरबॅगचे. बॅटरीचं नेगेटिव्ह काढल्यावरही एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधले कपॅसिटर थोडा वेळ चार्ज धरून असतात, म्हणून मी नेगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबलो, मगच सीटखाली हात घातला. इतकं शहाण्यासारखं वागून पुढे माती खाल्लीच. हात जात नव्हता म्हणून एक पिवळा कनेक्टर काढून बाजूला केला, वायर नेली, आणि "बघू तरी स्क्रीन लागते का" म्हणून बॅटरी जोडून किल्ली फिरवली. कनेक्टर तसाच लोंबकळत. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागला तो लागलाच, कनेक्टर परत बसवला तरी जाईना, कारण फॉल्ट मेमरीत साठतो. शेवटी गॅरेजमध्ये नेऊन स्कॅनर लावून घालवला. तिथला मुलगा काही बोलला नाही, फक्त हसला.

करंट कुठून घ्यायचा याचं उत्तर फ्यूज बॉक्स. स्क्रीनला लाल, पिवळी, काळी अशा तीन वायरी होत्या. लाल किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या करंटसाठी, पिवळी कायम चालू असणाऱ्यासाठी, काळी अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडायची. पण हे रंग स्क्रीनच्या वायरींचे, गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये हेच असतील असं मुळीच धरू नका, मल्टीमीटर लावूनच बघा. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके असतात, काळा प्रोब बॉडीला आणि लाल त्या ठिपक्यावर. किल्ली बंद असताना शून्य आणि फिरवल्यावर १२ च्या आसपास दाखवणारा फ्यूज मला हवा होता, तो सॉकेटचा निघाला. काही गाड्यांत सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहतं, त्यामुळे तपासणं आलंच. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा), इंजिन यांच्या फ्यूजच्या वाटेला जायचं नाही. त्या फ्यूजच्या जागी फ्यूज टॅप बसवला, म्हणजे मूळ फ्यूजशेजारी आपल्या वायरीसाठी वेगळा फ्यूज घेणारा जोड. मी लाल आणि पिवळी दोन्ही एकत्र करून त्या टॅपलाच जोडल्या, म्हणजे गाडी बंद की स्क्रीन बंद, रात्रभर बॅटरी चाटायला कुणी नको.

स्क्रीनवर १.५ अँपिअर लिहिलंय, दोन मिळून ३, म्हणून टॅपमध्ये ५ चा फ्यूज घातला. मेव्हणा म्हणाला, "अहो १५ चा टाका ना, उडायची भानगडच नको." पण फ्यूज हा वायरीला वाचवायला असतो, या बारीक वायरीवर १५ चा टाकला तर फ्यूजच्या आधी वायरच वितळेल. हा वाद जिंकलो याचा मला पुढे फार आनंद झाला, सांगतो का ते.

मधे एक आवाजाचं लफडं झालं. स्क्रीनचा आवाज ऑक्सने (ऑडिओ केबलने) गाडीच्या स्टिरिओला दिला होता, तर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डासासारखी कुईईई, जितका पाय दाबाल तितकी बारीक. एका स्क्रीनचा अर्थ एका बाजूला, दुसरीचा दुसऱ्या बाजूला दिला होता, त्यातलाही एक बॉडीचा रंग न खरवडता, वरच्यावर. दोन्ही अर्थ ड्रायव्हरच्या पायाशेजारच्या एकाच बोल्टवर, खालचा रंग खरवडून आवळले. आवाज गेला.

तर दुसरा रविवार. सगळं झाकलं, दरवाज्याखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकून बसवल्या, कार्पेट सपाट, एक वायर दिसत नव्हती, मी फोटो पण काढले. सोमवारी बायकोने गाडी काढली. ती माझ्यापेक्षा बरीच बुटकी, सीट पार पुढे घेते. तिने दांडा ओढून सीट पुढे घेतली आणि दोन्ही स्क्रीन गपकन बंद, सॉकेट मात्र चालू. तिचा फोन, "अरे मी काही केलं नाही हं."

संध्याकाळी सीटखाली टॉर्च मारला तर सीटच्या रेलने वायर बरोबर मधोमध चिरली होती, आतलं तांबं चमकत होतं. ५ चा फ्यूज उडालेला. माझं सगळं मोजमाप माझ्या बसण्याच्या जागेवरचं. सीट सरकते, पाठही मागेपुढे होते, वायर मात्र मी एकाच जागेच्या मापाने ओढून ताणून बांधली होती आणि वर स्वतःवर खूष होतो.

तिसऱ्या रविवारी वायरचा तो तुकडा बदलला, त्यावर पन्हळी प्लास्टिकची नळी चढवली, एक झिप टाय हलणाऱ्या सीटच्या फ्रेमला, एक खाली कार्पेटशी, आणि दोघांच्या मधे रेलपासून लांब वायरचा सैल वेढा. मग मी बाहेर खाली वाकून बघत बसलो आणि पोरगी आत बसून सीट पुढे-मागे करत होती, पाठ पूर्ण आडवी, पूर्ण उभी, दहा-बारा वेळा. कुठेच ताण नाही, कुठेच घासत नाही, तेव्हाच पट्ट्या बसवल्या.

रात्री स्क्रीनचा उजेड मागच्या काचेत पडून आरशात दिसतो, म्हणून अंधार पडला की ब्राइटनेस अगदी खाली ठेवतो. बाकी काही तक्रार नाही. बायको मात्र अजूनही गाडीत बसली की आधी सीट एकदा पार पुढे, एकदा पार मागे घेते आणि मान वळवून स्क्रीन बघते, मगच निघते.