मोटार जळते त्या रात्री कार्ड कुठे असतं

गेल्या नोव्हेंबरात रात्री साडेअकराला फोन वाजला. तासगावच्या पुढची द्राक्षबाग, बाग फुलोऱ्यात, लाइट रात्रीच्या पाळीची. पलीकडून अगदी कोवळा आवाज.

"ताई, मोटार नुसतीच घूं घूं करतीया, फिरत नाही. बटण दाबलं की ट्रिप होतीया."

मी विचारलं, पॅनेलवरचे तिन्ही दिवे लागलेत का? म्हणाला, दोनच. म्हणजे विजेच्या तीन फेजपैकी एक गेलेली. मी म्हटलं, आता बटणाला हात लावू नकोस, डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीकडे, तर अजिबात जाऊ नकोस, सकाळी वायरमनला गाठ. पण फोन लागायच्या आधी त्यानं पाच-सहा वेळा बटण दाबून झालं होतं. त्याचे वडील परगावी, त्यांचा फोन बंद. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आमचं जुनं कार्ड चिकटवलेलं होतं, ते त्याला टॉर्चच्या उजेडात दिसलं. त्यावरचा एक आकडा पुसट झालेला. दोन चुकीचे नंबर लावून तिसऱ्या खेपेला माझा लागला. तोवर मोटारीतल्या तांब्याच्या तारेचं वाइंडिंग जळून गेलं.

त्या फोनपासून कार्डाचा विचार डोक्यातून गेलेला नाही. या महिन्यात नवीन हजार कार्डं छापायला टाकली, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. आमचं सांगली जिल्ह्यात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या मोटारीतली जळालेली तार काढून नवी भरायचं दुकान आहे. अण्णांनी सुरू केलं, २०१६ पासून मी बघते. प्लंबर, वायरमन, फॅब्रिकेटर, ज्याच्याकडे माणूस अडल्यावर धावतो अशा कुणालाही यातलं काही उपयोगी पडेल.

अण्णांचं पहिलं कार्ड १९९१ सालचं. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये, अक्षरांचे खिळे जुळवून, ट्रेडल छपाईयंत्रावर छापलेलं. वर गणपती, खाली दुकानाचं नाव, मग 'प्रो.' म्हणून अण्णांचं नाव आणि फोन नंबरापुढे 'पी.पी.'. फोन आमचा नव्हताच. शेजारच्या किराणा दुकानात फोन यायचा, ते काका पोराला पळवायचे, अण्णा हातातलं टाकून जायचे. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. एकच रंग, गडद निळा, पण अक्षर कागदात असं दाबलं गेलंय की बोट फिरवलं तरी कळतं. इतक्या वर्षांत एक अक्षर उडालेलं नाही.

२००६ मध्ये मोबाइल नंबर असलेलं कार्ड आलं. तो नंबर आजही तोच आहे. मधे आमच्या भागात त्या कंपनीची रेंज मिळेना म्हणून २०१३ मध्ये कंपनी बदलली, पण २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे वाटलेली सगळी कार्डं जिवंत राहिली. नवीन धंदा सुरू करणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगते. कार्ड छापण्याआधी नंबर कायमचा ठरवा. घरातल्या कुणाचा तरी, ऑफरमध्ये मिळालेला, वर्षात बंद पडेल असा नंबर कार्डावर घालू नका. आपण विसरून जातो, पण कार्ड पेटीत दहा-बारा वर्षं राहतं.

माझ्या हातानं छापलेलं पहिलं कार्ड २०१८ सालचं, आणि ते फसलं. दिसायला देखणं होतं. तीनशे जीएसएमचा आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन, काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं, तांब्याच्या तारेच्या रिळाचा फोटो. एका लग्नात मी ते अभिमानानं वाटलं. मग दुकानात एक शेतकरी आले, त्यांची साडेसात एचपीची मोनोब्लॉक मोटार भरून दिली आणि अण्णांनी सवयीनं कार्ड उलटं करून पेन टेकवलं. पेन चालेना. शाई त्या प्लॅस्टिकवरून घसरत होती.

अण्णा प्रत्येक कार्डामागे लिहून द्यायचे. मोटार किती एचपी, कधी भरली, जास्त करंट ओढला गेला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले कितीवर ठेवायचा. पाच एचपीला साधारण साडेसात-आठ अँपिअर, पण मोटार चालू करून, करंट मोजायचं क्लॅम्प मीटर लावून जो आकडा येईल तो बघून ते लिहायचे. पुढे कुणी नवखा वायरमन आला आणि मोटार सारखी ट्रिप होतेय म्हणून त्यानं रिले वाढवायला घेतला, तर ते कार्ड त्याला अडवतं. गॅरंटीचा वाद झाला तर तारीख तिथेच असते. म्हणजे आमच्या कार्डाची मागची कोरी बाजू पुढच्या बाजूइतकीच कामाची. मी तिच्यावर लॅमिनेशन मारून बसले होते.

तेव्हापासून मागची बाजू कोरी आणि लॅमिनेशनशिवाय. प्रेसवाल्याला हे दोनदा सांगावं लागतं, कारण त्याच्याकडे मल्टिकलरची कार्डं एका मोठ्या शीटवर वीस-पंचवीस गिऱ्हाइकांची एकत्र लागतात आणि सगळ्यांना एकच फिनिश मिळतं. हजार कार्डं स्वस्तात पडतात ती त्यामुळेच. वेगळं हवं तर वेगळं छापायचं आणि जास्त पैसे द्यायचे. मी देते. तेवढी बचत माझ्या धंद्याला परवडणारी नाही.

कागदाचं दुसरं गणित २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. कृष्णा-वारणेला महापूर आला, नदीकाठच्या मोटारी पाण्याखाली गेल्या, आणि पाणी ओसरल्यावर आमच्या दुकानासमोर चिखलानं भरलेल्या मोटारींची रांग लागली. कुणाकडेच कार्ड धड नव्हतं. आर्ट पेपरवर गुळगुळीतपणासाठी पांढऱ्या मातीचा थर असतो. तो भिजला की कार्डं एकमेकांना चिकटतात, आणि सोडवायला गेलं की अक्षरं पलीकडच्या कार्डावर जातात. लॅमिनेशनवाल्या कार्डांच्या कडा उलगडून आत पाणी शिरलेलं. आमच्या मुलखात विहीर, चेंबर, ओले हात, ग्रीस हे रोजचंच. म्हणून आता मी न फाटणारं, प्लॅस्टिकसारख्या शीटवरचं कार्ड घेते. लिहायचं तर त्यावरही साधं बॉलपेन टिकत नाही, पण मार्करनं लिहिलेलं टिकतं. काउंटरवर मार्कर दोरीनं बांधून ठेवलाय.

आणि यंदा कोपऱ्याला एक भोक पाडून घेतलंय. पेटीच्या आत कुणी कार्ड खोचू नये असं मला मनापासून वाटतं. स्टार्टरमधला वीज जोडणारा काँटॅक्टर ओढला की ठिणगी पडते, तार सैल असेल तर तिथं तापतं, आणि कागदाचं कार्ड तारांमध्ये खोचलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी अर्धं जळालेलं पाहिलंय. भोक असलं की सुतळीनं किंवा तारेच्या तुकड्यानं मोटारघरातल्या खिळ्याला बाहेरच अडकवता येतं. मोठ्या पॅनेलच्या झाकणाला बाहेरून लावायला विनाइलचे स्टिकर वेगळे छापलेत.

आता समोरच्या बाजूला काय असावं. सगळ्यात मोठा नंबर. दुकानाच्या नावापेक्षा मोठा. कार्डाचं डिझाइन करणारी मुलगी यावर नाराज होती, तिच्या मते नाव मोठं हवं. मी तिला तो नोव्हेंबरातला फोन सांगितला. आकडे इंग्रजी घेतले. मराठीचा मला अभिमान आहे, कार्डावरचं बाकी सगळं मराठीत आहे, पण बारीक आणि पुसट छपाईत ५ आणि ६, १ आणि ९ यांची गल्लत होते, आणि फोनच्या बटणांवर इंग्रजी आकडेच असतात. दहा आकडे पाच-पाच असे तोडून, पांढऱ्यावर काळे. सोनेरी, राखाडी, फोटोवर छापलेली अक्षरं टॉर्चच्या उजेडात चमकतात आणि वाचता येत नाहीत. माझी तपासणी साधी आहे. संध्याकाळी सातला दुकानातली ट्यूब बंद करून कार्ड अण्णांच्या हातात द्यायचं, चष्मा काढून. त्यांनी नंबर वाचला की पास.

त्याखाली कामं, पण नेमकी. 'सर्व प्रकारची इलेक्ट्रिकल कामे केली जातील' असं लिहिणारी कार्डं मी ढीगभर पाहिली आहेत, त्यानं काहीच कळत नाही. माझ्या कार्डावर सबमर्सिबल, ओपनवेल, मोनोब्लॉक, स्टार्टर दुरुस्ती आणि ३ ते २० एचपी एवढंच आहे. पंखे आणि मिक्सर आम्ही करत नाही, म्हणून ते नाही. जीएसटी नंबर बिलावर आहे, कार्डावर त्याला जागा दिलेली नाही.

क्यूआर कोडाबद्दल सगळे विचारतात. पैशांचा कोड काउंटरवर आहे, तो तिथंच बरा. कार्डावर मी छोटा कोड घेतला, पण त्यात थेट नाव आणि नंबर भरलेला आहे, स्कॅन केलं की फोनमध्ये नंबर जतन होतो, नेट लागत नाही. फुकटच्या वेबसाइटवर केलेले काही कोड आधी त्यांच्या पानावर नेतात आणि मुदत संपली की बंद पडतात. ओळखीच्या एका फॅब्रिकेटरची पाचशे कार्डं अशी वाया गेली. कोड निदान दोन बाय दोन सेंटिमीटर तरी हवा, त्याहून लहान असला की जुने फोन तो उचलत नाहीत.

नावाबद्दल लिहायचं राहिलं, आणि ते लिहिताना मला थोडं थांबावं लागतं. २०१८ च्या कार्डावर मी माझं नाव घातलं नव्हतं. अण्णांचं नाव, फोन मात्र माझ्याकडे. लोक फोन करायचे, बाईचा आवाज ऐकायचे आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवून द्यायचे. काही जण 'भाऊंना द्या' म्हणायचे. मोटार माझ्या हातानं भरली जाते, स्लॉटमध्ये पेपर मी घालते, सबमर्सिबलची पॉलिरॅपची, म्हणजे प्लॅस्टिकच्या आवरणाची तार मी ओढते, तरी फोनवर मला घरातलं कुणीतरी समजायचे. दुसऱ्या छपाईत मी दुकानाच्या नावाखाली माझं पूर्ण नाव घातलं आणि पुढे लिहिलं, 'वाइंडिंग आणि दुरुस्ती'. अण्णांचं नाव वर 'संस्थापक' म्हणून. भावकीतल्या काहींना ते रुचलं नाही. अण्णांनी ते प्रूफ हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि 'हे आधीच करायला पाहिजे होतं' एवढंच म्हणाले. फोन ठेवून देणारे त्यानंतर जवळजवळ थांबले. अडचणीत फोन करणाऱ्याला पलीकडे कोण उचलणार हे आधी माहीत असलं की तो सरळ मुद्द्याचं बोलतो.

त्याच छपाईत एक मोठी चूकही झाली. प्रूफ व्हॉट्सअॅपवर आलं, मी ग्रीसच्या हातानं मोठं करून बघितलं, नाव बघितलं, आपलं नाव छापलेलं बघायच्या आनंदात नंबर वाचलाच नाही आणि 'ओके' पाठवून दिलं. शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. शंभरेक कार्डं वाटून झाल्यावर एक गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, तुमच्या नंबरावर एक गुरुजी उचलतात. मी त्या नंबरावर फोन करून माफी मागितली. दुसऱ्या तालुक्यातले निवृत्त शिक्षक. चिडले नाहीत. माझा खरा नंबर लिहून घेतला आणि पुढची दोन वर्षं, रात्रीबेरात्री, विचारणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत राहिले. दर दिवाळीला मी त्यांना फोन करते. आता प्रूफ कागदावर खऱ्या मापात छापून घेते, साडेतीन बाय दोन इंच, आणि त्यावरचा नंबर समोर बसून लावून बघते. माझाच फोन वाजला की मगच सही.

वाटायचं कुठे, हे छपाईइतकंच महत्त्वाचं. लग्नात वाटलेली कार्डं खिशातून धुण्यात जातात. आमची कार्डं पाइपच्या दुकानात, कृषी सेवा केंद्रात आणि सगळ्यात जास्त बोअरमधून मोटार काढणाऱ्या गाडीवाल्यांकडे असतात. मोटार वर आली की ती कुणाकडे न्यायची हे निम्म्या वेळा तेच सुचवतात. आणि भरलेल्या प्रत्येक मोटारीबरोबर दोन कार्डं जातात, एक मोटारघराला, एक घरातल्या बाईंच्या हातात. मालक गावाला गेल्यावर फोन त्याच करतात.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत मोटार घालून आला. बारावीत असेल. झाकणावरून सोलून काढलेलं कार्डही बरोबर घेऊन आला होता, नंबर बरोबर आहे ना ते विचारायला. २००६ च्या छपाईतलं. मागे अण्णांचं तिरकं अक्षर, ७.५ एचपी, १४ फेब्रुवारी २०१४, रिले १२. दहा वर्षांहून जास्त चाललेलं वाइंडिंग. संध्याकाळी मोटार भरून, तपासून झाली, तेव्हा त्याला नवीन कार्ड दिलं. ते त्यानं घेतलं, पण जुनंही परत मागितलं, वडिलांना लागेल म्हणाला. अण्णांच्या ओळीखाली थोडी जागा होती. तिथं मी नवीन तारीख घातली, रिलेचा आकडा लिहिला आणि पुसट झालेल्या नंबरावरून मार्कर फिरवून त्याच्या हातात दिलं.