क्लबचे नियम लिहिताना गेलेले पाच महिने

वेंगुर्ल्यात आमचा मुलांचा बास्केटबॉल क्लब आहे. आम्ही सात जण तो चालवतो आणि पगार कुणालाच नाही. दोघं शिक्षक, एक बोटींच्या इंजिनांचा मेकॅनिक, एक बँकेत, एक काजूच्या कारखान्यात हिशेब बघणारी, मी पोस्टात, आणि काका. शाळेमागच्या जागेत पहिला बोर्ड काकांनी स्वतः उभा केला, त्याला 30 वर्षं झाली. संध्याकाळी साडेपाच ते सात सराव असतो. गेल्या वर्षी 38 मुलं होती, त्यात 16 मुली.

इतक्या वर्षांत आमच्याकडे लेखी नियम एकच होता: पावसाळ्यात कोर्टावरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासल्याशिवाय चेंडू बाहेर काढायचा नाही. एका मुलाचं मनगट मोडल्यावर तो फळ्यावर लिहिला गेला. बाकी सगळा कारभार तोंडी. गाव लहान, प्रत्येक मुलाच्या आजोबांपर्यंतची ओळख, मग कागद कशाला, असंच सगळ्यांना वाटायचं. मलाही.

डिसेंबरात शेजारच्या तालुक्यातल्या संघाशी लहान गटाचा सामना होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्याच एका मुलाचे वडील कोर्टात शिरले. "माझ्या झिलाक कित्याक बसवलास?" हे आमच्या शिक्षकाला. मग ते रेफ्रीच्या अंगावर धावून गेले. तो रेफ्री म्हणजे आमच्याकडेच खेळून मोठा झालेला 19 वर्षांचा मुलगा. शिट्टी हातात धरून तो नुसता उभा राहिला. आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो 11 वर्षांचा मुलगा बाकावर डोक्यावरून टॉवेल घेऊन बसला होता. सामना संपला तरी त्याने टॉवेल काढला नाही. पुढचे दहा दिवस तो सरावाला आला नाही.

त्या रात्री माझ्या घरी बसलो. मिटवून टाकूया, असं दोघांचं म्हणणं होतं. मी खेळाच्या नियमांचं पुस्तक उघडलं. खेळाडूच्या पाच फाउल झाल्या की तो बाहेर. कोचला स्वतःच्या वागण्यापायी दोन टेक्निकल फाउल लागल्या की त्यालाही मैदान सोडावं लागतं. कोर्टाबाहेर उभ्या असलेल्या बापाचं काय करायचं, हे मात्र क्लबनेच ठरवायला हवं. जेम्स नेस्मिथने 1891 साली हा खेळ काढला तेव्हा सुरुवातीलाच 13 नियम लिहून काढले. खांद्याने धक्का द्यायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. आम्ही 30 वर्षं त्याचेच नियम मुलांना शिकवत होतो आणि स्वतःच्या वागण्यासाठी एकही लिहिला नव्हता.

पहिला मसुदा मी केला, तो सपशेल फसला. "पालकांनी गैरवर्तन करू नये" असं एक वाक्य होतं. मेकॅनिकदादांनी विचारलं, "गैरवर्तन म्हणजे नेमकं काय? शिवी? ओरडणं? ओरडून शाबासकी दिली तर?" मला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही प्रत्येक ओळीत काय करायचं आणि काय नाही एवढंच लिहायचं ठरवलं. पालक कोर्टाच्या रेषेपासून तीन पावलं मागे उभे राहतील. रेफ्रीशी फक्त कोच बोलेल. कुणाला किती वेळ खेळवलं याबद्दल सामन्याच्या दिवशी विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी या, आम्ही बसून बोलू. आणि त्याच्या बदल्यात आमच्याकडून शब्द: 12 वर्षांखालच्या गटात आलेल्या प्रत्येक मुलाला सामन्यात खेळायला मिळेल. मोठ्या गटात कोच ठरवेल, पण का बसवलं ते मुलाला सांगेल. ही शेवटची अट शिक्षकांना जड गेली. मला ती फार महत्त्वाची वाटत होती, मी हटले नाही.

मुलांनाही विचारायचं ठरलं. वहीचं एकेक पान दिलं, नाव लिहायचं नाही. पाणी प्यायला मध्ये थांबू द्या, असं बहुतेकांनी लिहिलं होतं. एका पानावर होतं, "चुकलं तर बाजूला घेऊन सांगा. सगळ्यांसमोर सांगितलं की मला पुढचं काहीच ऐकू येत नाही." दुसऱ्यावर, "फी राहिली तर ग्रुपवर नाव टाकू नका." आमची फी महिन्याला 100 रुपये. ज्यांची राहिली त्यांची यादी दर महिन्याला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीच टाकत होते. त्या पानावरचं अक्षर मी ओळखलं. त्या घरातली बोट मोसमभर किनाऱ्याला उभी होती. त्याच रात्री ग्रुपवरच्या जुन्या याद्या मी काढून टाकल्या. आता फीबद्दल एकच जण बोलतो, तेही घरी जाऊन, आणि फी नाही म्हणून कुणाला थांबवत नाही.

फोटो, उशीर, मोबाइल, गणपतीतली आणि शिमग्यातली सुट्टी गैरहजेरीत न धरणं, यावर फार वेळ गेला नाही. मुलींचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत, एवढं नक्की झालं.

अडलं ते मुलांच्या सुरक्षिततेच्या पानावर. ओळखीच्या एका वकीलबाईंना मी बोलावलं होतं. त्यांनी पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा समजावून सांगितला. 2012 चा हा कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. त्यातलं एक कलम ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळतं, त्याने ते पोलिसांना कळवायलाच हवं; न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणजे "आधी आपसात बघू, गावात बोभाटा नको" ही आमची नेहमीची रीत इथे चालणार नाही. आम्ही सात जणांनी बसून खरं-खोटं करणं हेही आमचं काम नाही. मुलाचं ऐकून घ्यायचं, त्याला उलटसुलट प्रश्न विचारायचे नाहीत, आणि कळवायचं. 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर त्याच दिवशी फळ्यावर लिहिला, शेवाळाच्या नियमाच्या वर.

मग त्यांनी विचारलं, "सराव संपल्यावर मुलांना घरी कोण सोडतं?" सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. पावसात एसटी चुकली, आईला बाजारातून यायला उशीर झाला, की काका आपल्या स्कूटरवरून सोडत. वर्षानुवर्षं. माझ्या मुलीलाही कितीदा सोडलंय. आता नियम असा होता की कुणीही मोठं माणूस क्लबमधल्या दुसऱ्याच्या मुलाबरोबर एकटं राहणार नाही, गाडीवर नाही, सामानाच्या खोलीत नाही. तिसरं कुणीतरी हवंच. बाहेरगावी जाताना मुलींबरोबर बाई हवीच.

काका उठून उभे राहिले. "तीस वर्षां हय पोरांका शिकवतंय, आता माका कागद दाखवतास?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. मला बोलता येईना. ज्या माणसाने मला वयाच्या नवव्या वर्षी लेअप, म्हणजे धावत जाऊन जवळून चेंडू बास्केटमध्ये टाकणं, शिकवला त्याच्यासमोर हा कागद मी ठेवला होता. शेवटी एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही आहात म्हणून आम्हाला गरज वाटली नाही. पण तुमच्या जागी उद्या कोण येईल ते आपल्याला ठाऊक नाही. त्याला अडवायचा नियम तुम्ही सोडून बाकीच्यांना, असा लिहिता येत नाही." ते काही न बोलता निघून गेले. तीन आठवडे सरावाला आले नाहीत. मुलं रोज विचारायची. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. काकींनी सोलकढी दिली, काका मागच्या अंगणात आमसुलं वाळवत राहिले. मला वाटलं, एका कागदापायी आपण क्लबचा खांबच काढला. कागद मागे घ्यावा असंही मनात आलं. वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "थांब. त्यांना राग यायचा हक्क आहे."

दरम्यान, सगळ्यांनी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र आणायचं ठरलं होतं. पहिला अर्ज मी केला, म्हणजे कुणाला आपल्यावरच संशय आहे असं वाटू नये. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी काका कोर्टावर आले आणि माझ्या हातात एक पाकीट दिलं. त्यांचं प्रमाणपत्र होतं. ते एवढंच म्हणाले, "खाली सही खय करूची?"

मेमध्ये पालकांची सभा झाली. चाकरमानीही आले होते, म्हणून गर्दी होती. मी सगळा कागद मोठ्याने वाचला, चार पानं. डिसेंबरातले ते वडील मागच्या बाकावर होते. सभा संपल्यावर त्यांनी सही केली, आणि खाली मान घालून त्या रेफ्री मुलाचा नंबर मागितला. जूनपासून कागद लागू झाला. ऑगस्टच्या सामन्यात दुसऱ्याच एका पालकाने रेषा ओलांडली. तो माझा सख्खा दीर. नियमाप्रमाणे पुढचे दोन सामने त्याला येता येणार नव्हतं, आणि हे सांगायला मलाच जावं लागलं. आठवडाभर आमच्या दोन घरांत बोलणं नव्हतं.

गेल्या महिन्यात तुफान पाऊस होता. सव्वासातला फोन वाजला. काका.

"येतस काय गो जरा? हय एका चेडवाबरोबर एकटोच बसलंय. दुसरां कोण नाय."

मी छत्री घेऊन निघाले. शाळेच्या पायरीवर दिवा लावून काका एका टोकाला बसले होते, 10 वर्षांची ती मुलगी दुसऱ्या टोकाला, मध्ये चेंडू. स्कूटर झाडाखाली भिजत होती. मी मध्ये बसले. तिची आई मासळी बाजारातून येईपर्यंत वीस मिनिटं गेली. काका तिला चेंडूवरची शिवण बोटांच्या टोकांनी कशी धरायची ते सांगत होते.