१९९३ची मारुती ८०० : एसीची दुरुस्ती आणि गॅस आर-१२ वरून आर-१३४ए, एप्रिलअखेरपर्यंतची नोंद

गाडी १९९३ची मारुती ८०० एसी, कार्ब्युरेटरची, पुण्यातच वाढलेली. इंजिनाचं काम दिवाळीनंतर आटोपलं, तेव्हाच ठरवलं की यंदाच्या उन्हाळ्याआधी एसी चालू करायचा. आधीच्या मालकांनी पावत्या जपून ठेवल्या आहेत. त्यांत जवळपास दर मार्च-एप्रिलला एकच ओळ : 'एसी गॅस भरला.' ही ओळ मला फार खुपते. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, द्रव होतो, पुन्हा वाफ होतो. जुन्या रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून तो थोडाफार झिरपतो हे खरं. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती जागा कुणी शोधलेली नाही. म्हणून या कामात माझा सगळ्यात जास्त वेळ गळतीमागे गेला आणि इथेही सगळ्यात जास्त जागा तिलाच दिली आहे.

फेब्रुवारी

गॅस भरण्याच्या दोन्ही तोंडांना (पोर्टना) दाबाचा मीटर लावला, काटे शून्यावर. आत गॅस उरलेला नव्हता, त्यामुळे सगळं लगेच उघडता आलं. तुमच्या गाडीत थोडाजरी आर-१२, म्हणजे या एसींचा मूळचा जुना गॅस, शिल्लक असेल तर तो कृपया हवेत सोडू नका. रिकव्हरी मशीन असलेल्या माणसाकडून सिलिंडरमध्ये काढून घ्या. ओझोनचं नुकसान आहेच, शिवाय तापमानवाढीच्या हिशेबात एक किलो आर-१२ म्हणजे दहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड.

मग टॉर्च घेऊन एकेक जॉइंट पाहिला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गळतीच्या जागी ते बाहेर येतं, त्यावर धूळ बसते आणि काळपट चिकट डाग पडतो. कंडेन्सरच्या, म्हणजे गरम गॅस थंड करून द्रव करणाऱ्या भागाच्या, वरच्या जॉइंटला असा डाग होता. आतली ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) चपटी आणि कडक झालेली, नखाने दाबली तर तडकली.

एक गळती सापडली म्हणून शोध थांबवू नये, हे माझं ठाम मत आहे. नवी ओ-रिंग बसवली, आत थोडासा आर-१३४ए (आर-१२च्या जागी वापरायचा गॅस) सोडला आणि त्यावर रेग्युलेटर लावून १५० पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरला. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा यासाठी वापरू नका, तिच्यात ओलावा असतो आणि आर-१३४ए हवेत मिसळून दाबाखाली आला तर पेट घेऊ शकतो. ऑक्सिजन तर कधीच नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

रात्रीतून काटा खाली आला. साबणाच्या पाण्याने बाहेरचे सगळे जॉइंट भिजवले, एकाही ठिकाणी बुडबुडा नाही. उरली कूलिंग कॉइल, म्हणजे केबिनची हवा थंड करणारी जाळी. ती ग्लोव्हबॉक्समागे प्लास्टिकच्या डब्यात बसते, तिथे ना नजर पोचते ना साबण. पण आर-१३४ए हवेपेक्षा साधारण साडेतीन पट जड असतो. गळला तर डब्याच्या तळाशी जमतो आणि पाणी जाण्याच्या नळीतून खाली उतरतो. मित्राकडून इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर आणला, ब्लोअर बंद ठेवला आणि गाडीखाली नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरला. तो लगेच ओरडायला लागला. डॅशबोर्डला हात लावण्याआधी ही तपासणी जरूर करा, बरीच उस्तवार वाचते.

मार्च

डबा बाहेर काढणं वाटलं तेवढं अवघड गेलं नाही. मात्र पाइपांचे नट सोडवताना दोन स्पॅनर लागतात, एक नट फिरवायला आणि दुसरा समोरची बाजू धरून ठेवायला. नाहीतर मऊ अॅल्युमिनियमचा पाइप नटाबरोबर पिळला जातो.

कॉइलचं तोंड कडुनिंबाच्या पानांनी आणि मातीने भरलेलं होतं. या गाड्यांना केबिन फिल्टर नाही. काचेखालच्या जाळीतून आलेली धूळ ब्लोअर सरळ कॉइलवर मारतो, कॉइल दवाने ओली असते, आणि माती तिथे चिकटून बसते. पाण्याची नळी अर्धी बुजलेली, त्यामुळे कॉइलचा खालचा कोपरा वर्षानुवर्षं ओल्या चिखलात होता. तिथेच अॅल्युमिनियम पांढरं पडून खात गेलं होतं. मालकांनी एवढी वर्षं ज्याचे पैसे भरले, तो बहुतेक गॅस या कोपऱ्यातून गेला असणार.

कॉइलला वेल्डिंग करून देणारे भेटतात. इतक्या पातळ आणि खाल्लेल्या धातूवर ते टिकत नाही, असं माझं मत. नाना पेठेतून नवी कॉइल आणली, सोबत नवा एक्स्पान्शन वॉल्व्ह, म्हणजे कॉइलमध्ये द्रव गॅस मोजून सोडणारी झडप. थर्मोस्टॅटची बारीक नळी पत्र्यांमध्ये जिथे खोचलेली होती, बरोबर त्याच जागी परत खोचली. ती चुकीच्या जागी गेली तर कॉइलवर बर्फ धरतो आणि हवा बंद होते.

आता गॅसचा प्रश्न. मॉन्ट्रियल करारानुसार २०१० पासून आर-१२ बाद झाला आहे, त्यामुळे आर-१३४ए हाच सरळ रस्ता. एकाने ज्वलनशील हायड्रोकार्बन गॅस सुचवला. स्वस्त आहे आणि थंडही चांगला करतो. पण कूलिंग कॉइल प्रवाशांच्या पायांपाशी असते, आणि याच गाडीतली कॉइल गळत होती. मी तो कुणालाही सुचवणार नाही.

गॅस बदलला की पुष्कळ काही बदलावं लागतं. आर-१२ बरोबरचं खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते कुठेतरी साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून कॉम्प्रेसर उतरवून उलटा केला, तेल मोजून काढलं. रंग पिवळसर, धातूचा कण नाही. हे पाहून फार बरं वाटलं, कारण काळं चमचमतं तेल निघालं असतं तर कॉम्प्रेसरच गेला असता. तेवढ्याच मापाचं एस्टर तेल (आर-१३४ए मध्ये मिसळणारं कृत्रिम तेल) घातलं. पॅग हे दुसरं कृत्रिम तेलही चालतं, पण मागे राहिलेल्या खनिज तेलाशी आणि आर-१२च्या अंशाशी त्याचं जमत नाही. एस्टर जास्त सहनशील. सगळ्या ओ-रिंग एचएनबीआर या हिरव्या रबराच्या घेतल्या, दोन्ही होज नव्या बॅरियर होजच्या (आतून गॅस अडवणारा थर असलेल्या) क्रिंप करून घेतल्या, पोर्टना आर-१३४ए चे अॅडॉप्टर लावले.

कंडेन्सरवर खर्च करा, हे आवर्जून सांगतो. आर-१३४ए ला त्याच तापमानात जास्त दाब लागतो आणि जुना नळ्यांचा कंडेन्सर ट्रॅफिकमध्ये कमी पडतो. त्याच मापाचा पॅरलल फ्लो कंडेन्सर (गॅस एकाच वेळी अनेक बारीक वाटांनी नेणारा) बसवला. दाब फार वाढला की कॉम्प्रेसरचा क्लच सोडवून तो थांबवणारा प्रेशर स्विचही लावला. जुन्या वायरिंगमध्ये तो नव्हता आणि बदललेल्या गॅसवर तो नसणं मला मान्य नाही.

क्लचची फट फीलर गेजने साधारण अर्धा मिलिमीटर, क्लचच्या विजेच्या कॉइलचा रोध साडेतीन ओहम. दोन्ही ठीक.

एप्रिल

नव्या ड्रायरची (गॅसमधला ओलावा टिपणाऱ्या डब्याची) बुचं अगदी शेवटी काढली. आतला पदार्थ ओलावा शोषायलाच असतो आणि उघडा ठेवला तर गॅरेजमधलाच ओलावा पिऊन बसतो.

व्हॅक्यूमबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त घाई होते. पंप फक्त हवा काढायला नसतो, पाणी उकळून काढायलाही असतो. ३० अंश सेल्सिअसला पाणी उकळायचं तर दाब ४२ मिलिबारच्या खाली न्यावा लागतो. दहा मिनिटांत काटा खाली दिसला तरी होज आणि तेलातलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो. मी पंप तासाभराहून जास्त चालवला, मग वॉल्व्ह बंद करून तेवढाच वेळ काट्याकडे लक्ष ठेवलं. जागचा हलला नाही.

पुस्तकात काटा २९.९ इंचांवर गेला पाहिजे असं असतं. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, इथे हवेचाच दाब साधारण २८ इंच पारा. त्यामुळे उत्तम पंपालाही काटा २८च्या आसपासच थांबणार. महाबळेश्वरला, १३५० मीटरच्या आसपास, तो साडेपंचवीसच्या पुढे जाणार नाही. यावरून पंप खराब समजू नका. खरा व्हॅक्यूम पाहायचा तर आतला उरलेला दाब थेट मोजणारा मायक्रॉन मीटर हवा.

गॅस वजनावर भरला, कॅन डिजिटल काट्यावर ठेवून. बॉनेटच्या स्टिकरवर आर-१२चं जे वजन आहे त्याच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात केली. इंजिन चालू असताना फक्त लो साइडने (कमी दाबाच्या पोर्टने), कॅन उभा धरून, म्हणजे वाफच आत जाते. हाय साइडचा वॉल्व्ह पक्का बंद. तो उघडला तर उलटा दाब कॅनमध्ये येऊन कॅन फुटू शकतो. पुढे थोडा थोडा वाढवत ८५ टक्क्यांच्या जरा आत थांबलो. ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरण्याची जुनी पद्धत आर-१२ला ठीक होती. आर-१३४ए त्या काचेवर भरला तर हमखास जास्त होतो.

३७ अंशांच्या दुपारी, इंजिन १५०० आरपीएमला, कंडेन्सरसमोर पंखा लावून : लो ३२, हाय २३० पीएसआय. मधल्या जाळीत थर्मामीटर ९ अंश. सिग्नलला उभी असताना मात्र १५ पर्यंत चढत होता, आणि क्लच लागला की इंजिन दबून थरथरत होतं. ७९६ सीसीच्या इंजिनाला कॉम्प्रेसर मोठंच ओझं आहे. एसी चालू असताना इंजिनाचा उभा वेग वाढवणाऱ्या आयडल-अपची व्हॅक्यूम नळी तडकली होती, तीन रुपयांची वस्तू म्हणावी इतकी लहान. बदलल्यावर एसीवरचं आयडल ९५० आरपीएमच्या वर राहिलं आणि थरथर गेली.

तरी आत हवा हवी तशी थंड नव्हती. हीटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावला, नॉब थंडवर असूनही दोन्ही गरम. हीटरमध्ये गरम पाणी सोडणारा कॉक पूर्ण बंद होत नव्हता. केबल ओढून जुळवली आणि उभ्या गाडीतलं तापमान १२ वर आलं. एसी थंड करत नाही म्हणून गॅस वाढवण्याआधी हे पाहत चला.

काल सासवडपर्यंत दिवे घाटातून दुपारी गेलो. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्येही एसी बंद करावा लागला नाही आणि पाण्याचं तापमान मध्यावरच होतं.

बाकी काम : स्टिकरवर नव्या गॅसचं आणि तेलाचं नाव व वजन लिहून चिकटवणं, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला अंदाज बांधावा लागणार नाही. शाफ्ट सीलपाशी पांढरं कापड फिरवून महिन्याने तेल दिसतंय का पाहणं. आणि पावसाळ्याआधी हवेच्या वाटेवर स्टीलची बारीक जाळी बसवणं, म्हणजे कडुनिंब नव्या कॉइलपर्यंत पोचणार नाही. ज्यांनी ८०० ला अशी जाळी बसवली आहे त्यांनी भोकाचं माप कळवा. फार बारीक घेतली तर ब्लोअरची हवा कमी होईल अशी मला शंका आहे.